खड्डा राज्याचा, तक्रार काउंटीकडे: व्हर्जिनियातल्या मराठी रहिवाशांनो, या चुका टाळा

उत्तर व्हर्जिनियात, विशेषतः फेअरफॅक्स आणि लाउडन काउंटीत, मराठी घरं भरपूर आहेत. शाळा, रस्ते, प्रॉपर्टी टॅक्स, घरामागे उभी राहणारी डेटा सेंटर्स, यावर प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं असतं. ते मांडायला लोक पुढेही येतात. पण रास्त म्हणणं चुकीच्या माणसाकडे किंवा चुकीच्या महिन्यात गेलं की वाया जातं, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते. कारण इथे ऐकून घेणारी माणसं भेटतात, फक्त त्यांच्या हातात काय आहे ते आधी माहीत हवं.

खड्ड्यासाठी सुपरव्हायझरला धरणं

1932 च्या बर्ड रोड अ‍ॅक्टनंतर व्हर्जिनियातल्या जवळजवळ सगळ्या काउंट्यांचे रस्ते राज्याकडे गेले. आर्लिंग्टन आणि हेन्रायको या दोनच काउंट्या आपले रस्ते आपण सांभाळतात. म्हणजे फेअरफॅक्समधल्या तुमच्या गल्लीतला खड्डा व्हीडॉटचा, राज्याच्या वाहतूक खात्याचा; काउंटीच्या कारभारासाठी निवडून दिलेल्या सुपरव्हायझरचा नव्हे. टाउनहाउसच्या वसाहतीतला आतला रस्ता तर बऱ्याचदा एचओएचाच, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या संघटनेचाच असतो.

पत्त्यावर ‘फेअरफॅक्स’ आहे म्हणूनही फसू नका. फेअरफॅक्स सिटी काउंटीपासून पूर्ण वेगळी आहे. राज्यात अशा 38 स्वतंत्र सिटी आहेत. हर्नडन आणि लीसबर्ग ही टाउन्स मात्र काउंटीतच येतात, वर त्यांची स्वतःची टाउन कौन्सिलही आहे. राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकला की तिथले तुमचे प्रतिनिधी, म्हणजे तुमचे डेलिगेट आणि सिनेटर कोण ते लगेच कळतं.

काउंटी मनात येईल ते करू शकते असं धरून चालणं

बाकी बऱ्याच चुकांचं मूळ इथे आहे. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी 1868 मध्ये मांडलेलं तत्त्व व्हर्जिनिया आजही कडक पाळतं: राज्याने जो अधिकार दिला तेवढाच काउंटीला. कायद्यात स्पष्ट परवानगी नसेल तर बोर्ड ऑफ सुपरव्हायझर्सचं, म्हणजे काउंटीचा कारभार चालवणाऱ्या मंडळाचं एकमत असूनही हात बांधलेले.

दुकानातल्या प्लास्टिक पिशवीवरच्या 5 सेंट कराचं उदाहरण घ्या. हा कर लावायची मुभाच काउंट्यांना नव्हती. 2020 मध्ये रिचमंडला, राज्याच्या राजधानीत, विधिमंडळाने ती दिली, सप्टेंबर 2021 मध्ये फेअरफॅक्सच्या बोर्डाने ठराव केला आणि 1 जानेवारी 2022 पासून पिशवीचे पैसे पडू लागले. त्याआधी कुणी सुपरव्हायझरकडे ‘पिशव्यांवर कर लावा’ म्हणून गेला असता तर त्यांना सहानुभूतीपलीकडे काही देता आलं नसतं. अशा विषयात मागणी वेगळी करायची: ‘काउंटीच्या लेजिस्लेटिव्ह प्रोग्रॅममध्ये हा मुद्दा घ्या.’ राज्याकडून काय हवं आणि कशाला विरोध आहे, याची ही यादी बोर्ड दरवर्षी मंजूर करतं. काउंटीची माणसं ती घेऊनच रिचमंडला जातात.

जानेवारीत जागं होणं

विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं. सम वर्षी 60 दिवस, विषम वर्षी 30, आणि ते बहुधा दीड महिन्यापर्यंत वाढवतात. एवढ्यात शेकडो बिलं, म्हणजे कायद्यांचे प्रस्ताव, मार्गी लागायची असतात. काउंटीची यादी त्याआधीच ठरलेली असते, म्हणून नवा विषय सुपरव्हायझरच्या कानावर उन्हाळ्यातच घाला. डेलिगेटला भेटायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

अधिवेशनाच्या तोंडावर, जानेवारीच्या सुरुवातीला, फेअरफॅक्सचे डेलिगेट आणि सिनेटर काउंटीतच लोकांचं ऐकायला बसतात. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. तिथे डिलनचा नियम समजावत बसू नका. सुरुवात अशी करा: ‘मी अमुक भागात राहते. अमुक क्रमांकाच्या बिलाला माझा पाठिंबा आहे.’ मग तुमच्या घरचं किंवा शाळेतलं एकच ठोस उदाहरण द्या आणि थांबा. पुढे ते बिल सबकमिटीत जातं, कित्येकदा भल्या सकाळी, आणि मूठभर सदस्य ते काही मिनिटांत बाजूला ठेवतात. सभागृहातल्या मतदानाची वाट बघत राहिलात तर बिल कधीच संपलेलं असतं.

शाळेच्या पैशांसाठी फक्त स्कूल बोर्डाशी भांडणं

वर्गात मुलं वाढली की पालक स्कूल बोर्डाच्या बैठकीला जातात. जायलाच हवं, पण व्हर्जिनियात स्कूल बोर्ड निवडून आलेलं असलं तरी त्याला कर लावता येत नाही. पैसा देतं बोर्ड ऑफ सुपरव्हायझर्स आणि राज्य. राज्याचा वाटा एका निर्देशांकावर ठरतो: काउंटीतली घरं जेवढी महाग आणि उत्पन्न जेवढं जास्त, तेवढी राज्याची मदत कमी. विधिमंडळाच्याच अभ्यास समितीने 2023 मध्ये दाखवून दिलं, की व्हर्जिनियातल्या शाळांना विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. त्यामुळे शिक्षकांच्या पगाराचा विषय तीन ठिकाणी न्यावा लागतो. फेअरफॅक्सच्या अंदाजपत्रकाचा मसुदा फेब्रुवारीत येतो, सुनावण्या एप्रिलमध्ये होतात आणि मेमध्ये ते मंजूर होतं. मे उजाडल्यावर सह्या गोळा करून उपयोग नाही.

व्हिसावर असताना देणगी देणं, किंवा गप्प बसणं

एच-1बी वर असाल तर कोणत्याही उमेदवाराच्या प्रचाराला पैसे देऊ नका, काउंटीच्या निवडणुकीतही नाही. संघराज्याच्या कायद्याने ते बेकायदा आहे. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, मतदान मात्र नाही. पण पत्र लिहायला, सुनावणीत बोलायला, डेलिगेटची वेळ मागायला नागरिकत्व लागत नाही. तुम्ही तिथले रहिवासी आहात, तेवढं पुरे.

बिल पास झालं म्हणजे विषय संपला असं समजणं

फेअरफॅक्सच्या मतदारांनी 2016 मध्ये हॉटेलातल्या जेवणावरचा कर मतदानाने फेटाळला होता. 2020 मध्ये विधिमंडळाने काउंट्यांसाठी त्या मतदानाची अटच काढून टाकली. मे 2025 मध्ये बोर्डाने 4 टक्के कर मंजूर केला आणि 1 जानेवारी 2026 पासून तो लागू झाला. ज्यांना मतदानाचा हक्क राखायचा होता त्यांनी 2020 मध्ये रिचमंडला बोलायला हवं होतं. ज्यांना दरावर हरकत होती त्यांची वेळ 2025 ची, काउंटीतली. म्हणून पास झालेलं बिल हाती आलं की त्यात काउंटीला परवानगी दिली आहे की सक्ती केली आहे, ते आधी बघा. परवानगी असेल तर काउंटीतली सुनावणी अजून व्हायची आहे आणि तारीख बोर्डाच्या अजेंड्यावर सापडेल.