व्ही आणि डब्ल्यू वेगळे काढायची सोपी प्रॅक्टिस

आपण मराठीवाले इंग्लिश बोलताना व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला सरसकट 'व' लावतो, मग द्राक्षाचा वेल म्हणजे 'व्हाइन' (vine) आणि दारूची 'वाइन' (wine) ऐकायला सेमच वाटतात. तर आरसा घ्या आणि तोंडाकडे बघा. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकले पाहिजेत आणि हवा तिथून घासत बाहेर येते, गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर जाणवते. डब्ल्यूला दात मध्ये आणायचेच नाहीत, ओठ 'ऊ' म्हणायला करतो तसे गोल करायचे आणि तिथूनच पटकन पुढच्या स्वरावर जायचं, म्हणजे वाइनला 'ऊ-आइन' एकदम भरभर म्हटल्यासारखं. सुरुवातीला जरा नाटकी वाटतं, वाटू दे.

मग 'व्हेरी वेल' एका दमात म्हणा, कारण त्यात दात आणि लगेच गोल ओठ असा बदल करावा लागतो, खरी परीक्षा तिथेच. केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनरीत ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार फुकट ऐकता येतात, तो ऐकून लगेच आपला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून लागोपाठ ऐका, बोलताना न कळलेला फरक तेव्हा बरोबर कळतो. व्हॉइस टायपिंगवर चेक करणार असाल तर सुटा शब्द बोला, पूर्ण वाक्य दिलं की फोन संदर्भावरून अंदाज लावून चुकीचा उच्चारही बरोबर टाइप करतो आणि आपण उगाच खूश!