पुळणीवरच्या मर्यादावेलीचे निरीक्षण कसे करावे

मर्यादावेलीचे निरीक्षण करायला निघताना आधी घड्याळ पाहावे. तिचे जांभळट गुलाबी, नरसाळ्याच्या आकाराचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी दुपारनंतर मिटून कोमेजते. त्यामुळे संध्याकाळी पुळणीवर जाणाऱ्यांना फक्त पिळवटलेल्या कळ्यांसारखे काहीतरी दिसते, आणि ही वेल फारशी फुलत नाही असा त्यांचा समज होतो. सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे. मोजपट्टी, सुतळी, भिंग आणि वही एवढे सामान पुरते.

ओळख सोपी आहे. पान जाडसर आणि आपट्याच्या पानासारखे टोकाशी दुभंगलेले असते. तोडल्यास पांढरा चीक येतो. आयपोमिया पेस-काप्री या शास्त्रीय नावातील उत्तरार्धाचा अर्थ ‘शेळीचे पाऊल’ असाच आहे. त्याच वाळूत गुलाबी फुलांची, पण तीन पर्णिकांची वेल दिसली, तर ती अबईच्या गोतातली आहे. तिची नोंद वेगळी करावी.

भरतीने आणून टाकलेल्या काटक्याकचऱ्याच्या रेषेपासून जमिनीकडच्या झुडपांपर्यंत, किनाऱ्याशी काटकोनात, सुतळी ताणावी. दर दोन मीटरवर एक मीटर बाजूचा चौकोन आखून त्यातील किती भाग कोणत्या वनस्पतीने झाकला आहे, ते अंदाजाने लिहावे. समुद्राकडच्या चौकोनांत बहुधा मर्यादावेल आणि रावणाच्या मिशा हे गवत सापडेल. मागे सरकावे तशी निर्गुडीच्या जातीची झुडपे आणि केवडा येऊ लागतो. पुढच्या पट्ट्यात खारे तुषार अंगावर येतात, वाळू सतत हलते आणि तिच्यात अन्नद्रव्ये फार थोडी असतात. तेथे तग धरणाऱ्या मोजक्या वनस्पतींपैकी ही एक. मागे सावली वाढली की तीच मागे पडते. सुरूच्या दाट लागवडीखाली हा फरक विशेष ठळक दिसतो, कारण तेथे सावलीबरोबर गळलेल्या काड्यांचा जाड थरही असतो.

यानंतर एकच फांदी निवडून तिच्या टोकापासून मागे जावे. माझ्या मते या सगळ्या कामातला हाच सर्वांत बोलका भाग आहे. पेरापेराला मुळे फुटलेली दिसतील; बोटाने थोडी वाळू बाजूला करून मूळ पाहावे आणि वाळू परत लोटावी, वेल मात्र उपटू नये. वाऱ्याने आलेली वाळू पानांशी अडते, फांदी गाडली जाते, टोक पुन्हा वर येऊन पुढे धावते आणि या क्रमातून वाळूचा उंचवटा घट्ट होत जातो. एकच वेल अनेक मीटर पसरत असल्यामुळे मुळे धरलेला प्रत्येक पुंजका वेगळे झाड म्हणून मोजणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते.

ही चूक फळांच्या हिशेबातही आडवी येते. या वेलीचे फूल सहसा स्वतःच्या परागाने बी धरत नाही. त्यामुळे भोवती शेकडो फुले असूनही ती सगळी एकाच वेलीची असतील, तर बोंडे कमीच लागतात. पडताळणीसाठी दहा कळ्यांवर आदल्या संध्याकाळी मलमलीच्या पिशव्या बांधाव्यात, शेजारच्या दहा कळ्यांना नुसता रंगीत दोरा बांधावा आणि दोन्हींना किती बोंडे धरतात ते पाहावे. उघड्या फुलांपाशी दहा-दहा मिनिटे बसून मधमाश्या आणि भुंगे किती वेळा आत शिरतात, हेही लिहावे. कीटकांची नावे येत नसतील तर ‘मोठा काळा भुंगा’ एवढी नोंदसुद्धा उपयोगी पडते.

देठ पानाला मिळतो तेथे भिंग धरावे. तेथे मध पाझरणाऱ्या दोन बारीक ग्रंथी असतात आणि त्यांच्याभोवती बहुधा मुंग्या घुटमळत असतात. मुंग्या असलेल्या आणि नसलेल्या फांद्यांवरची कुरतडलेली पाने मोजून तुलना करता येते.

पिकलेल्या बोंडात साधारणपणे चार बिया असतात, त्यांच्यावर तपकिरी मखमली लव असते. त्या समुद्राच्या पाण्यावर तरंगतात; ही वेल जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर पसरली आहे, ती याच बळावर. दोन-चार बिया घरी नेल्यास काहींचे कवच एका बाजूने सँडपेपरवर घासावे, काही तशाच ठेवाव्यात आणि कुंडीतल्या वाळूत पेराव्यात. घासलेल्या बिया लवकर रुजतात. रोपाची बीजपत्रेही दुभंगलेलीच निघतात, हे पाहून गंमत वाटते.

भारतात २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेनुसार वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षण असलेल्या वर्गात मोडतात. म्हणून ठरलेल्या एकाच वाटेने जावे, आणि कासवांच्या विणीच्या काळात रात्री दिवे घेऊन तिकडे फिरकू नये.

एका पक्क्या खुणेपाशी उभे राहून दर महिन्याला त्याच दिशेने छायाचित्र घ्यावे. पावसाळ्यातल्या लाटा उंचवट्याचा पाया कापतात, तेव्हा वेलीचे तुकडे तुटून पुढे वाळूवर पडतात आणि त्यांतले काही तेथेच रुजतात. असा तुकडा दिसला की त्याला हलक्या हाताने दोरा बांधून ठेवावा आणि पेराला पहिले मूळ ज्या दिवशी दिसेल, ती तारीख वहीत लिहावी.