तरुण वक्त्याला बोलावताय? या चुका टाळा

आमच्या गावात दर जानेवारीत तीन दिवसांची व्याख्यानमाला होते. गेली अकरा वर्षं मी तिच्या धावपळीत आहे. एका वर्षी राज्य पातळीवर पदक मिळवलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला बोलावलं होतं. कार्यक्रम सहाचा, ती आईसोबत साडेपाचलाच हजर. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि अकरा जणांचे सत्कार. परिचय करून देणाऱ्या सरांनी तिच्या वडिलांचं व्यसन, पावसात गळणारं घर, आईची मजुरी, सगळं माईकवरून सांगितलं. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण पहिल्या रांगेत तिची आई बसली होती, आणि मुलगी मांडीवरच्या शालीची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. तिच्या हाती माईक आला तेव्हा आठ वाजून गेले होते. ती सहा मिनिटं बोलली आणि खाली बसली.

"मुलगी चांगली आहे, पण बोलता येत नाही," असं नंतर एक जण म्हणाले. मला ते फार लागलं. तिला सांगायचं होतं ते आम्ही आधीच सांगून टाकलं होतं, तेही तिला न विचारता.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. परिचयाचा मजकूर आठवडाभर आधी वक्त्याला पाठवायचा आणि त्यानं खोडलेली ओळ खोडलेलीच ठेवायची. घरची परिस्थिती सांगायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. परिचय दोन मिनिटांत संपला पाहिजे. पाहुण्याच्या नावाचा आणि गावाचा उच्चारही आधी विचारून घ्या.

बातमी पाहून फोन करणं

2024 च्या 1 ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. अशी बातमी आली की आयोजकांच्या ग्रुपवर लगेच "यांनाच बोलवू" सुरू होतं. पण खेळाडूचं वर्ष स्पर्धा आणि सराव शिबिरांभोवती फिरतं. आपल्या दोन तासांसाठी त्याचे प्रवासासकट दोन दिवस जातात. मोठं नाव हवंच असेल तर सहा महिने आधी विचारा, आणि नकार आला तर ओळखीच्या माणसांकडून गळ घालू नका.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे आपल्याच जिल्ह्यात बघणं. शेतमाल थेट शहरात विकणारा पंचविशीतला पदवीधर, पाड्यावरच्या शाळेत रमलेली शिक्षिका, पोलीस भरतीत तिसऱ्या प्रयत्नाला निवड झालेली मुलगी. यांचं काम आपल्या मुलांना जवळचं वाटतं, आणि कार्यक्रमानंतरही भेटायला ते हाकेच्या अंतरावर असतात. वयाची शंका काढणारे प्रत्येक समितीत असतात. त्यांना मी सांगतो की पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 साली सुरू झाली, तेव्हा ती सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे 33 वर्षांचे होते.

"प्रेरणादायी बोला" एवढंच सांगणं

यात वक्त्याला काहीच कळत नाही. मग तो इतरांकडून ऐकलेलीच वाक्यं म्हणतो. श्रोते कोण, किती, कोणत्या वयाचे, आधी काय झालेलं असेल, हे कळवा. आणि "जरा मोबाईलच्या नादावरून पोरांना झापा" अशी सुपारी देऊ नका. मोठ्यांचा राग काढायला त्याला बोलावलेलं नाही.

बोलायची सवय नसेल तर भाषणाऐवजी मुलाखत ठेवा. आमच्याकडे याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला. मात्र मुलाखत घेणाऱ्यानं अभ्यास केलेला हवा. समजा समोर बीड जिल्ह्यातला धावपटू अविनाश साबळे आहे. त्याला "यशाचं रहस्य काय?" विचारलं तर उत्तर "मेहनत" येणार. पण 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात, आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण 0.05 सेकंदानं हुकलं, हे ठाऊक असेल तर "शेवटच्या शंभर मीटरमध्ये काय दिसत होतं?" असं विचारता येतं. साताऱ्याच्या अदिती स्वामीनं 2023 मध्ये बर्लिनला 17 व्या वर्षी तिरंदाजीचं जगज्जेतेपद मिळवलं. अंतिम फेरीत 15 बाणांत 150 पैकी 149 गुण. अशा मुलीला मी त्या हुकलेल्या एका गुणाबद्दल विचारीन. दहावीतली मुलं अशाच उत्तरांना कान देतात.

सत्कार आधी, वक्ता नंतर

हा क्रम उलटा करा. दीपप्रज्वलन, पाच मिनिटांचं प्रास्ताविक, लगेच वक्ता. सत्कार शेवटी. मानकरी नाराज होतील या भीतीनं आम्हीही बरीच वर्षं हे टाळलं. ज्या वर्षी बदललं, त्या वर्षी नाराज झाले दोघे, आणि पुढच्या वर्षी तेही आले.

पैशाचा विषय टाळणं

तरुण माणूस मानधन मागायला संकोचतो. "तुमची अपेक्षा किती?" असं विचारून त्याला अवघडवू नका. आपला आकडा आपणच सांगा, प्रवासखर्च वेगळा धरा आणि निघण्याआधी द्या. एसटीनं परतणाऱ्याच्या हातात दोन फुटी स्मृतिचिन्ह ठेवू नका.

वक्ता अठराच्या आतला असेल तर पालकांशीच बोला, त्यांचाही खर्च धरा. दहावी-बारावीची मुलं असतील तर फेब्रुवारी-मार्च सोडून द्या. फोटो, व्हिडिओ कुठे टाकणार तेही विचारून घ्या.

ऐन वेळी अडलं तर

वक्ता दहा मिनिटांतच थांबला तर सूत्रसंचालकानं उभं राहून भाषण लांबवू नये. शेजारी बसून साधा प्रश्न विचारावा, "सकाळी किती वाजता उठता?" इतका साधा चालतो. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर आधीच गोळा करा. मुली हात वर करायला लाजतात, चिठ्ठी मात्र लिहितात. जात, राजकारण किंवा लग्नाबद्दलची चिठ्ठी बाजूला ठेवा. वक्ता आजारी पडला तर तारीख पुढे ढकला. त्याच्या जागी गावातल्या पुढाऱ्याला उभं करू नका.

त्या मुलीला आम्ही दोन वर्षांनी पुन्हा बोलावलं. परिचयातल्या तीन ओळी तिनं खोडल्या. घर गळायचं ही ओळ मात्र ठेवली आणि खाली लिहिलं, "हे मी स्वतः सांगीन."