शिमची झीज आणि जाडी कशी तपासावी

टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारा इंजिनातील भाग) वाजू लागला की आपण गाडी मेकॅनिककडे नेतो. पण शिमच्या, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणाऱ्या छोट्या चकतीच्या, इंजिनात खरी काळजी आवाज न करणाऱ्या व्हॉल्व्हची करावी. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजून वर सरकला की त्याच्या आणि कॅमच्या मधली फट कमी होत जाते, आवाज उलट मंदावतो आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण न मिटल्यामुळे तो जळतो. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना हा धोका अधिक असतो.

फट थंड इंजिनावरच मोजावी. काही कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत इंजिन 35 अंशांपेक्षा थंड असावे असे म्हटलेले असते, त्यामुळे नाशिकच्या एप्रिल-मेमधील दुपार या कामाची नव्हे. गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटे झाकण उघडावे. टायमिंगच्या खुणा जुळवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) प्रत्येक व्हॉल्व्हची फट मोजून ती लगेच कागदावर लिहावी. शिम बाहेर काढण्यासाठी कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमचा दांडा) काढण्यापूर्वी चेनच्या पोकळीत स्वच्छ फडके कोंबावे, कारण तिथून खाली पडलेली शिम बाहेर काढताना अख्खा रविवार जातो.

शिमवर 180 असे लिहिलेले असले, म्हणजे 1.80 मिमी, तरी त्या आकड्यावर विसंबू नये. ती रॉकेलने धुऊन, पुसून, मायक्रोमीटरने मोजावी. मात्र व्हॉल्व्हच्या दांड्याने मध्यभागी खळगा पाडला असेल, तर मायक्रोमीटरची सपाट टोके कडेवर टेकतात आणि माप खऱ्यापेक्षा जाड येते. अशा वेळी बेअरिंगची बारीक गोळी आधी एकटी मोजावी, मग खळग्यात ठेवून शिमसह मोजावी. दोहोंतील फरक हीच उपयोगाची जाडी. खळगा नखाला जाणवला, तर ती शिम पुन्हा बसवू नये. मायक्रोमीटर नसेल, तर नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील ओळखीच्या टूलरूममध्ये विचारावे.

नव्या शिमची जाडी म्हणजे जुनी जाडी अधिक मोजलेली फट, वजा हवी असलेली फट. समजा, पुस्तिकेत 0.15 ते 0.20 मिमी दिले आहे, फट 0.08 भरली आणि शिम 1.80 ची आहे. 1.75 ची शिम घातली तर फट 0.13 होते, म्हणजे अपुरी, 1.70 ने 0.18 मिळते, तीच घ्यावी. सगळे जोडल्यावर इंजिन हाताने काही फेरे फिरवून फट पुन्हा मोजावी आणि मगच झाकण लावावे.