सिंगापूर ते बँकॉक: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

आधी विमानतळ नक्की करा. बँकॉकला दोन आहेत: सुवर्णभूमी (कोड बीकेके) आणि डॉन मुआंग (डीएमके). स्वस्त तिकिटं बरीचशी डॉन मुआंगची असतात. अंतर शोधताना शहराचं नाव न टाकता कोडच टाका.

अंतर हातानंही निघतं. सिंगापूरचं विमानतळ चांगी 1.36 अंश उत्तर, 103.99 पूर्व, सुवर्णभूमी 13.69 उत्तर, 100.75 पूर्व. अक्षांशांतला फरक 12.33, त्याला 110.6 ने (एका अंशाचे किमी) गुणलं की 1364 किमी. रेखांशांतला फरक 3.24, गुणिले 110.4, म्हणजे 358 किमी. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतलं की साधारण 1410 किमी, म्हणजे 761 सागरी मैल. डॉन मुआंगला पंचवीसेक किमी जास्त. ही रीत विषुववृत्ताजवळच्या अशा कमी पल्ल्यालाच चालते. मुंबई-लंडनला लावू नका. विमान प्रत्यक्षात थोडं जास्तच उडतं, कारण ठरलेले हवाई मार्ग पाळावे लागतात आणि पावसाळी ढगांना वळसा घालावा लागतो.

वेळेसाठी ताशी 800 किमी धरा आणि वर 40 मिनिटं घाला. 1410 भागिले 800 म्हणजे 1 तास 46 मिनिटं, अधिक 40, म्हणजे सुमारे 2 तास 25 मिनिटं. वेळापत्रकातही साधारण एवढंच दिसतं. ही 40 मिनिटं विसरली की हिशोब हमखास चुकतो: धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरण्याच्या रांगेत थांबणं आणि पुन्हा गेटपर्यंत येणं सगळं त्यात येतं. क्वालालंपूर-सिंगापूर जेमतेम 300 किमी आहे, तरी तिकिटावर तासभर लागतो तो यामुळेच.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. सिंगापूरहून सकाळी 9:30 ला निघालेलं विमान 10:55 ला पोचतं असं दिसेल, पण प्रवास 1 तास 25 मिनिटांचा नाही. परत येताना उलट, तासभर जास्त दिसतो. मोबाइल भारतीय वेळेवरच राहिला असेल तर सिंगापूरसाठी अडीच तास, थायलंडसाठी दीड तास मिळवा.

आता घड्याळ हॉटेलपासून लावा. चांगीला अडीच-तीन तास आधी पोचा आणि टर्मिनल तिकिटावर तपासा: टर्मिनल 4 बाकीच्यांपासून वेगळं आहे, तिथे शटल बसनं जावं लागतं. बँकॉकला इमिग्रेशन आणि सामानासाठी तास धरा. सुवर्णभूमीहून शहरातल्या फया थाई स्टेशनपर्यंत एअरपोर्ट रेल लिंकनं अर्धा तास लागतो. संध्याकाळी टॅक्सीपेक्षा हीच बरी, कारण रस्त्यावरची कोंडी कधी सुटेल ते सांगता येत नाही. एकूण सात तास, म्हणजे दिवसाचा बराच भाग गेला; त्या दुपारी दुसरं काही ठरवू नका.

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

सुवर्णभूमीला उतरून डॉन मुआंगहून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये किमान पाच तास ठेवा. पुढचं तिकीट दाखवलं की मोफत शटल बस मिळते, पण तीही त्याच कोंडीतून जाते.