आठवड्याची परशा आणि रोजचा दाफ फोनवर कसा वाचावा

परशा म्हणजे यहुदी लोक दर आठवड्याला वाचतात तो तोराचा (मोशेच्या पाच ग्रंथांचा) भाग, आणि दाफ म्हणजे तलमूदचं दोन बाजूंचं पान. हे दोन्ही वाचायला सुरुवातीला सेफारिया हे यहुदी ग्रंथांचं एकच अ‍ॅप घ्या आणि ते नीट लावा. ते मोफत आहे आणि अँड्रॉइड व आयफोन दोन्हींवर चालतं. तनाख (हिब्रू बायबल), मिश्ना (यहुदी कायद्याचा जुना संग्रह), तलमूद (मिश्ना आणि तिच्यावरची चर्चा) आणि राशी (मध्ययुगीन भाष्यकार) त्यात एकमेकांना जोडलेले आहेत. पासूकवर (वचनावर) बोट टेकवलं की त्याचं भाष्य खालच्या भागात उघडतं. वरच्या कोपऱ्यातल्या अक्षराच्या खुणेतून हिब्रू, इंग्रजी किंवा दोन्ही निवडता येतं. परशाची तयारी करताना निकूद (स्वरचिन्हं) आणि तआमीम (पठणाच्या सुरांच्या खुणा) दोन्ही चालू ठेवा. नुसता अर्थ लावायचा असेल तर तआमीम बंद करा, ओळ मोकळी दिसते.

दुसरं काम ऑफलाइन संग्रहाचं. सेटिंगमध्ये जाऊन हवे ते संग्रह वायफायवर उतरवून घ्या. फक्त तोरा उतरवली आणि भाष्यांचा संग्रह राहिला, तर लोकलमध्ये रेंज गेल्यावर पासूक दिसतो, राशी मात्र उघडत नाही. उतरवून झालं की विमान मोड लावून एकदा तपासा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ठिकाणाच्या सेटिंगमध्ये. भारतात शावुओतसारख्या सणांचे दोन दिवस पाळतात, इस्रायलमध्ये एक. शावुओतचा दुसरा दिवस शब्बाथला (शनिवारच्या विश्रामदिनी) आला की भारतात सणाचं वाचन होतं, म्हणून परशा पुढेमागे होते. २३ मे २०२६ला असंच झालं. इस्रायलमध्ये त्या शब्बाथला नासो ही परशा, तर ठाण्या-मुंबईत ती आठवडाभराने, आणि हा फरक पुढचे काही आठवडे टिकतो. त्यामुळे इस्रायलमधल्या अश्दोदच्या नातलगांनी पाठवलेल्या परशावरून तयारी करण्याआधी हेबकॅल या यहुदी कॅलेंडरमध्ये आपलं शहर निवडून तारीख बघा. शब्बाथच्या मेणबत्त्या लावायची वेळही तिथेच मिळते. ती साधारणपणे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधीची असते, जेरुसलेमसाठी ४० मिनिटं. प्रार्थनेच्या अ‍ॅपमध्ये नुसाख (प्रार्थनेची परंपरा) विचारला जातो. बेने इस्राएल (कोकणातले यहुदी) सेफार्दी (मूळ स्पेनच्या यहुद्यांची) पद्धत पाळतात, म्हणून तीच निवडा, नाहीतर हफ्ताराही (परशानंतरचं संदेष्ट्यांच्या ग्रंथांतलं वाचन) काही आठवड्यांत वेगळी निघेल.

दाफ योमी, म्हणजे रोज एक दाफ वाचायची पद्धत, १९२३मध्ये सुरू झाली. एका फेरीत २,७११ दाफ असतात आणि त्याला साडेसात वर्षांच्या आसपास लागतात. सध्याची चौदावी फेरी ७ जून २०२७ला संपते. मध्येच सुरुवात करायची तर चालू मसेखेतच्या (तलमूदच्या खंडाच्या) शेवटापर्यंत थांबा आणि पुढच्या मसेखेतपासून रोज धरा. जवळजवळ प्रत्येक मसेखेत दुसऱ्या दाफपासून सुरू होते, त्यामुळे पहिलं पान सापडत नाही म्हणून शोधत बसू नका. सेफारियातल्या इंग्रजी भाषांतरात ठळक अक्षरं म्हणजे गमाराचे (तलमूदमधल्या चर्चेचे) मूळ शब्द, आणि साधी अक्षरं म्हणजे भाष्यकार रब्बी (यहुदी धर्मगुरू) स्टाइनसाल्त्झ यांची उकल. गमारा काय म्हणते हे दुसऱ्याला सांगताना फक्त ठळक भाग धरा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

हिब्रूत शोधताना फोनच्या कीबोर्ड सेटिंगमधून हिब्रू भाषा जोडा. निकूद टाइप करू नका. काफ, मेम, नून, पे आणि त्सादी यांची शब्दाच्या शेवटची रूपं वेगळ्या कळांवर असतात. शेवटी साधा मेम टाइप केलात तर शोध रिकामा येऊ शकतो.

पासूक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना हिब्रू स्वतंत्र ओळीवर ठेवा. मराठी वाक्यात मध्येच घातलं की दिशा बदलते, आकडे आणि विरामचिन्हं उड्या मारतात आणि पासूकचा क्रमांक भलत्याच जागी जातो.

शब्बाथला आणि यॉम तोवला (सणाच्या दिवशी) फोन वापरायचा नाही, ऑफलाइन मजकूरही नाही. म्हणून लागणारी पानं शुक्रवारी दुपारपर्यंत छापून घ्या. स्क्रीनवरचं देवाचं नाव कायमचं लिहिलेलं मानलं जात नाही, त्यामुळे ते पुसलं जाण्याला बहुतेक रब्बींची हरकत नसते. छापलेल्या कागदाचं तसं नाही, तो गेनिझासाठी (पवित्र कागद जपून ठेवायच्या जागेसाठी) सिनेगॉगमध्ये द्यावा लागतो. आपली टिपणं त्या पानांच्या पाठीवर न लिहिता वेगळ्या कागदावर लिहा, म्हणजे ती हाताशी राहतील.