नवी वेबसाइट सर्चमध्ये आणायची कशी, आणि ५०० डिरेक्टऱ्यांच्या नादी का लागू नये

वेबसाइट लाइव्ह झाली की दुसऱ्याच दिवशी आपण गुगलवर तिचं नाव टाकून बघतो, काहीच दिसत नाही, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी मेल येतो की आम्ही तुमची साइट ५०० सर्च इंजिनांत आणि डिरेक्टऱ्यांत, म्हणजे वेबसाइटींच्या याद्यांत, टाकून देतो, एवढे एवढे पैसे द्या. थांबा जरा. ५०० सर्च इंजिनं वापरतंय कोण? आणि गुगल इंडेक्समध्ये, म्हणजे ज्या साठ्यातून ते रिझल्ट दाखवतं त्यात, घ्यायचे पैसे घेतच नाही. जे करायचंय ते फुकट आहे आणि एका बैठकीत उरकतं, वेळ जातो तो नंतर वाट बघण्यात.

सगळ्यात आधी दाराला आतून कडी तर नाही ना ते बघा. साइट बनत असताना ती अर्धवट अवस्थेत सर्चमध्ये येऊ नये म्हणून तिच्यावर नोइंडेक्स, म्हणजे इंडेक्समध्ये घेऊ नका अशी खूण, लावून ठेवतात आणि लाइव्ह करताना ते काढायचं राहून जातं. वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमधल्या रीडिंगमध्ये जा, तिथे सर्च इंजिनांना साइट इंडेक्स करू देऊ नका अशा अर्थाचा एक चौकोन आहे, त्यात टिक नको. मी स्वतः ती टिक तशीच ठेवून तीन आठवडे सगळ्या जगाला दोष देत बसलो होतो, चूक माझीच.

मग रोबोट्स डॉट टीएक्सटी (robots.txt), म्हणजे बॉट्सना, सर्च इंजिनांच्या पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामना, कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल. तुमच्या डोमेनपुढे स्लॅश देऊन हे नाव टाइप केलं की फाइल ब्राउझरमध्येच उघडते (उघडली नाही, म्हणजे फाइलच नाही, तरी घाबरू नका, ती नसली तरी चालतं). त्यात यूजर एजंटसमोर फुलीसारखा तारा आणि खाली डिसअलाऊसमोर नुसता एक स्लॅश असेल तर सगळ्या बॉट्सना अख्ख्या साइटची बंदी आहे. इथे एक गंमत लक्षात ठेवा, ही फाइल बॉटला पान वाचायला अडवते, सर्चमधून काढत नाही. कुठलं पान खरंच लपवायचं असेल आणि तुम्ही नोइंडेक्स पण लावलं आणि इथे पण अडवलं, तर बॉट आत येणारच नाही, मग ते नोइंडेक्स वाचणार कोण? दुसरीकडून लिंक असेल तर पानाचा पत्ता तरीही रिझल्टमध्ये येऊ शकतो.

आता गुगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच फुकट साधन. गुगल अकाउंटने लॉगिन करा, प्रॉपर्टी (म्हणजे तुमची साइट) जोडा म्हटलं की दोन पर्याय येतात, डोमेन आणि यूआरएल प्रीफिक्स. डोमेनवालं घेतलं तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय, एचटीटीपी, एचटीटीपीएस, सबडोमेन सगळं एकाच ठिकाणी येतं, पण त्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे ते नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं त्या नोंदींमध्ये, साइट तुमचीच आहे हे दाखवणारा रेकॉर्ड टाकावा लागतो. बहुतेक वेळा टीएक्सटी रेकॉर्डच टाकतात, तो डोमेन जिथून घेतलं तिथल्या पॅनलमध्ये कॉपी पेस्ट करायचा, एवढंच. डीएनएसला हात लावायची भीती वाटत असेल तर यूआरएल प्रीफिक्स घ्या आणि कन्सोल देतं ती एचटीएमएल फाइल साइटवर अपलोड करा. व्हेरिफाय झालं म्हणून ती फाइल किंवा रेकॉर्ड नंतर डिलीट करू नका, तपासणी अधूनमधून होत राहते आणि मग कन्सोलमधली मालकी जाते.

पुढे साइटमॅप, म्हणजे तुमच्या पानांच्या पत्त्यांची यादी. वर्डप्रेस २०२० पासून, म्हणजे ५.५ व्हर्जनपासून, ती आपोआप बनवतं, एसईओचं (सर्चमध्ये वर येण्यासाठीचं) प्लगिन असेल तर बहुतेक तेच बनवतं. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी, नव्या साइटला याची काळजीच नको. कन्सोलमध्ये साइटमॅप्समध्ये तो पत्ता द्या आणि सबमिट. प्रायॉरिटी वगैरे आकडे भरत बसू नका, गुगल ते बघत नाही, शेवटचा बदल कधी झाला ती तारीख बघतं, तीही खरी असेल तरच. जुन्या लेखांत साइटमॅप पिंग करा, म्हणजे तो बदलला की गुगलला कळवा, असं लिहिलेलं असतं, गुगलने ती सोय २०२३ मध्ये बंद केली, आणि पूर्वीचा तो लॉगिनशिवाय यूआरएल भरायचा फॉर्म तर २०१८ मध्येच गेला.

मग कन्सोलच्या वरच्या पट्टीत होमपेजचा पत्ता टाका, तपासणी झाली की इंडेक्सिंगची विनंती करायचं बटण येतं ते दाबा. अजून चार-पाच महत्त्वाच्या पानांना तसंच करा. दिवसाची मर्यादा असते, आणि तेच पान पुन्हा पुन्हा पाठवून काही लवकर होत नाही. काही दिवस ते काही आठवडे लागतात.

मायक्रोसॉफ्टच्या बिंगला कमी लेखू नका. डकडकगो आणि याहूचे रिझल्ट बरेचसे बिंगकडूनच येतात, म्हणजे एका दगडात तीन पक्षी. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलवरून इम्पोर्ट करायची सोय आहे, पाच मिनिटांत काम होतं. जमलं तर इंडेक्सनाऊ पण चालू करा, बिंग आणि यांडेक्सने २०२१ मध्ये आणलेली ही पद्धत आहे, पान बदललं की ती वापरणाऱ्या सर्च इंजिनांना लगेच कळतं.

राहिल्या डिरेक्टऱ्या. एके काळी त्यांना फार मान होता, याहूची डिरेक्टरी होती, १९९८ मध्ये सुरू झालेली डीमॉज होती जिथे स्वयंसेवक एकेक साइट बघून यादीत घ्यायचे. याहूची २०१४ च्या शेवटी बंद झाली, डीमॉज २०१७ मध्ये. आज तुमचा ग्राहक प्रत्यक्ष भेटत असेल, तो तुमच्याकडे येत असो की तुम्ही त्याच्याकडे जात असा, तर गुगल बिझनेस प्रोफाइल आणि बिंग प्लेसेस (सर्चमध्ये आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद) नक्की करा, आणि नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखाच लिहा. नुसता ऑनलाइन धंदा असेल तर बिझनेस प्रोफाइल मिळत नाही. त्याशिवाय तुमच्या विषयाच्या किंवा व्यवसायाच्या संघटनेची यादी असेल तर तिथे नाव द्या. माझी कसोटी साधी आहे, ही यादी कुणी माणूस स्वतःहून उघडून बघेल का? नसेल तर सोडा. हलक्या डिरेक्टऱ्यांतल्या लिंका गुगलच्या नियमांत सरळ लिंक स्पॅममध्ये मोजल्या जातात.

दोन-तीन आठवड्यांनी सर्चमध्ये इंग्रजीत साइट (site), कोलन आणि त्याला चिकटून तुमचं डोमेन टाकून बघा, पण खरा हिशेब कन्सोलच्या पेजेस रिपोर्टमध्ये. तिथे पान सापडलंय पण इंडेक्स नाही असं असेल तर बॉट अजून आलेलाच नाही, होमपेजवरून त्या पानाला लिंक द्या. क्रॉल झालंय पण इंडेक्स नाही असं असेल तर त्याने वाचलं आणि सध्या तरी घेतलं नाही, तिथे बटणं दाबून उपयोग नाही, पानावर जे लिहिलंय तेच पुन्हा उघडून बसा.